इंजिन एक, मोटरी दोन, डोकी वेगळी

अमेरिकेतल्या मराठी घरांत नवी गाडी घ्यायची वेळ आली की चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. टोयोटाची रॅव्ह-फोर हायब्रिड घ्यायची की होंडाची सीआर-व्ही हायब्रिड? फोनाफोनी सुरू होते आणि पहिला प्रश्न तोच, ॲव्हरेज किती देते? २०२३ ते २०२५ सालची चारही चाकांना जोर देणारी मॉडेलं घेतली, तर सरकारी आकड्यांनुसार रॅव्ह-फोर गॅलनला ३९ मैल जाते आणि सीआर-व्ही ३७. आपल्या हिशेबात लिटरला साधारण साडेसोळा आणि पावणेसोळा किलोमीटर. वर्षाला १२,००० मैल गाडी चालवली तरी फरक पडतो जेमतेम १७ गॅलनचा. एवढ्यासाठी कुणी झोप घालवू नये. ताकद २१९ आणि २०४ हॉर्सपॉवर, तीही तशी बरोबरीचीच.

कागदावर जुळ्या बहिणी वाटणाऱ्या या गाड्यांच्या पोटात डोकावलं, की मात्र माणूस थक्क होतो. कोडं दोघींपुढे एकच आहे. पेट्रोल इंजिन ठरावीक फेऱ्यांत आणि ठरावीक ओझ्याखालीच काटकसरीने चालतं, आणि चाकांना तर शून्यापासून हायवेच्या वेगापर्यंत सगळंच हवं असतं. विजेची मोटर उभ्या जागेवरूनही पूर्ण जोर लावते, पण हायब्रिडची बॅटरी असते चिमुकली. या दोघांचा संसार लावायचा कसा?

टोयोटाचं उत्तर १९९७ च्या डिसेंबरात प्रीयस गाडीतून जपानच्या रस्त्यावर आलं, आणि रॅव्ह-फोरमध्ये तत्त्व आजही तेच आहे. मधोमध एक दातेरी चक्र. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चक्रं, एका चौकटीत बसवलेली. आणि या सगळ्यांना कवेत घेणारं एक कडं, ज्याचे दाते आतल्या बाजूला. इंजिन जोडलेलं चौकटीला, एक मोटर-जनरेटर मधल्या चक्राला, दुसरी मोटर आणि चाकं कड्याला. संपला गिअरबॉक्स.

प्रीयसमध्ये मधल्या चक्राला ३० दाते होते आणि कड्याला ७८. इंजिनाचा पीळ या दातांच्याच प्रमाणात वाटला जातो. १०८ पैकी ७८ भाग, म्हणजे ७२ टक्के, कड्यावाटे थेट चाकांकडे जातो. उरलेला २८ टक्के मधल्या चक्राकडे जातो आणि तिथे वीज तयार होते. ही वाटणी करायला कुठला कॉम्प्युटर लागत नाही, ती दातांच्या संख्येतच कोरलेली आहे. आता गाडी सिग्नलला उभी आहे असं समजा. कडं स्थिर आहे. इंजिन चालू झालं, तर मधलं चक्र इंजिनाच्या ३.६ पट वेगाने गरगरतं आणि बॅटरी भरतं. इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर पुढे सरकली, की तेच चक्र कड्याच्या २.६ पट वेगाने उलटं फिरतं. कॉम्प्युटरचं काम एवढंच, की या मधल्या मोटरचा वेग कमी-जास्त करत राहायचं. तो बदलला की इंजिन आणि चाकं यांच्यातलं प्रमाण बदलतं. गिअर बदलल्याचा सगळा परिणाम मिळतो, आणि बदलायला गिअर नसतोच! पट्टा नाही, गिअरसाठी क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. रिव्हर्स गिअरसुद्धा नाही, मागे जायचं असेल तर मोटरच उलटी फिरते. दाते कायम एकमेकांत गुंतलेले, कधी सुटत नाहीत, त्यामुळे झिजण्याजोगं फार थोडं उरतं. मला विचाराल तर मोटारींच्या इतिहासात एवढ्या कमी सुट्या भागांतून एवढं काम क्वचितच कुणी काढून घेतलं असेल.

होंडाच्या इंजिनिअरांनी प्रश्नच उलटा केला. इंजिन चाकांना जोडायचंच कशाला? २०१३ मध्ये ॲकॉर्डमध्ये आलेल्या आणि आता सीआर-व्हीत असलेल्या या रचनेत शहरात फिरताना सहसा इंजिनाचा चाकांशी संबंधच नसतो. ते जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज मोटरला जाते आणि चाकं फिरवते ती मोटर. कोकण रेल्वेवर वर्षानुवर्षं गाड्या ओढणारी डिझेल इंजिनं याच तत्त्वावर चालत. त्यांचं डिझेलही वीज करण्यासाठीच जळायचं, चाकं मोटरीच फिरवायच्या. यात एक गोम आहे. फिरण्याची वीज करायची आणि विजेचं पुन्हा फिरणं करायचं, तर दोन्ही वेळा थोडं सांडतं. हायवेवर तासन्‌तास एका वेगाने जाताना ही सांडलवंड परवडत नाही. म्हणून तिथे एक क्लच बसतो आणि इंजिन एका ठरावीक प्रमाणात थेट चाकांना जोडलं जातं. मूळ रचनेत असा गिअर एकच, आणि तोही टॉपचा.

आणि एक गंमत बघा. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की सीआर-व्हीच्या इंजिनाचा आवाज चढतो, मग एकदम उतरतो, पुन्हा चढतो, अगदी गिअर बदलल्यासारखा. गिअर खरोखर बदलत नसतात, तरी आपल्या कानांना सवय आहे म्हणून कंपनीने मुद्दाम हे नाटक बसवलंय. रॅव्ह-फोर असले लाड करत नाही. जोर मागितला की तिचं इंजिन एकाच सुरात घोंघावत राहतं. काहींना हाच आवाज नको वाटतो आणि तेवढ्यावर सौदा फिरतो. मला त्यात काही वावगं दिसत नाही, गाडीत रोज आपल्यालाच बसायचं असतं.

दोघींच्या इंजिनात एक जुनी युक्ती आहे, जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाणारी, १८८० च्या दशकातली. हवा आत घेणारी झडप थोडी उशिरा मिटते, त्यामुळे दट्ट्या दाबतो कमी आणि स्फोटानंतर ढकलला जातो जास्त. सुरुवातीचा जोर घटतो, पण तो भरून काढायला मोटर असतेच. बदल्यात इंधनातली उष्णता जास्त वसूल होते. रॅव्ह-फोरच्या अडीच लिटर इंजिनासाठी टोयोटा कमाल ४१ टक्क्यांचा दावा करते.

आता खरेदीचं बोलू. चारही चाकांसाठी रॅव्ह-फोर मागच्या धुरेवर ५४ हॉर्सपॉवरची वेगळी मोटर ठेवते. पुढून मागे जाणारा दांडाच नाही, मधून जाते ती फक्त केबल. सीआर-व्हीत मात्र खराखुरा फिरता दांडा आहे. केबलची सोय साधी, पण २०१९ ते २०२१ च्या रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये बर्फावर टाकलेल्या मिठाने त्या केबलचा जोड गंजल्याच्या तक्रारी आल्या आणि टोयोटाला त्या भागाची वॉरंटी वाढवावी लागली. सेकंडहँड घेणार असाल तर गाडी लिफ्टवर चढवून मागचा जोड स्वतः पाहा. मागे ट्रेलर ओढायचा असेल तर २०२५ पर्यंतच्या रॅव्ह-फोर हायब्रिडला १,७५० पौंडांची मुभा आहे, सीआर-व्ही हायब्रिडला १,००० ची. आणि डिकीचा तळ उचलून बघा. सीआर-व्ही हायब्रिडमध्ये स्टेपनी नाही, पंक्चर काढायचं किट आहे. २०२६ पासूनची नवी रॅव्ह-फोर निव्वळ पेट्रोलवर मिळतच नाही.

ही दोन्ही डोकी पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरही आहेत. कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यातून निघणारी टोयोटा हायरायडर आणि तिचीच बहीण मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये टोयोटाचं कडं-चक्र आहे. होंडाची रचना २०२२ मध्ये सिटीतून आली, अर्थात सिटी ही सेडान. यातली कुठलीही घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत नको, घाटात मागा. हायरायडरच्या बॅटरीत जेमतेम पाऊण युनिट वीज मावते, त्यामुळे लांब चढावर तीन सिलिंडरांचं इंजिन एकटं पडलं की आवाजात लगेच कळतं. उतारावर गणित उलटतं. माणसं धरून दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली आली की सुमारे सव्वा युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही वारा आणि टायर खातात, तरी घाट लांब असेल तर बॅटरी पायथ्याआधीच भरते. मग बंद असलेलं इंजिन अचानक गुरगुरू लागतं, तेही पेट्रोलचा थेंब न पिता. ठेवायला जागा नसलेली वीज संपवण्यासाठी मोटर त्याला नुसतीच फिरवत असते.