उत्तरेची गॅलरी

मॉरिशसच्या सीमा कोरोनानंतर २०२१च्या ऑक्टोबरात पूर्ण उघडल्या आणि नोव्हेंबरात आम्ही दोघं तिथे उतरलो. परतलो २०२४च्या डिसेंबरात. नवऱ्याची नोकरी पोर्ट लुईत, घर मात्र वाकोआला, मधल्या पठारावर, कारण तिथली हवा गार. तीन वर्षांत समुद्र भरपूर पाहिला. तो सगळेच पाहतात. आम्हाला ते बेट कळलं ते घरकामातून.

पहिली चूक घर निवडतानाच झाली. एकाच इमारतीत दोन घरं रिकामी होती, एकाची गॅलरी उत्तरेला, दुसऱ्याची दक्षिणेला. पुण्यात थंडीतलं कोवळं ऊन दक्षिणेच्या गॅलरीत येतं, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की आम्ही दक्षिणेचंच घर घेतलं. जुलै आला, म्हणजे तिथला हिवाळा, आणि दोरीवरचे टॉवेल तीन-तीन दिवस वाळेनात. कपाटातल्या कोल्हापुरी चपलांवर हिरवी बुरशी चढली. शेजारच्या मावशींनी एकदा गॅलरीत डोकावून पाहिलं आणि तिथल्या क्रेओल भाषेत म्हणाल्या, “सोले पा पास लाबा.” सूर्य तिकडून जात नाही.

पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. म्हणजे आरशातलं प्रतिबिंबच. जुलैच्या भर दुपारीसुद्धा तिथे सूर्य उत्तरेला कललेला असतो. दोघंही शाळेत भूगोल शिकलेलो, पण हे घर बघताना एकालाही आठवलं नाही. वर्षाचा करार संपल्यावर आम्ही उत्तरेच्या घरात गेलो.

मग त्या आरशाचा नादच लागला. नवऱ्याला आकाश बघायची आवड. मृग नक्षत्र तिथे उलटं दिसतं, आणि इथे मृगाच्या खाली असणारा व्याध तिथे त्याच्याही वर, जवळजवळ डोक्यावर असतो. गुढीपाडवा पानगळीच्या तोंडावर येतो. गुलमोहर फुलतो तो डिसेंबरात, नाताळाला, आंबे आणि लिची बाजारात असताना. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मॉरिशसला स्थायिक झालेल्या बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात त्याची नोंद केली. ज्याला मी जन्मभर वैशाखाचं झाड समजत होते, त्याचं मूळ घर विषुववृत्ताच्या त्या बाजूला होतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

पण खरा खजिना भाजीबाजारात होता. पहिले सहा महिने मी बोट दाखवून भाजी घेतली आणि इंग्रजीत पैसे विचारले. नंतर मावशींबरोबर जायला लागले, तेव्हा एकेक नाव कानावर पडलं. दोडका म्हणजे पिपांगाय, पडवळ पातोल, भेंडी लालो, कारलं मार्गोज. कोणतीही पालेभाजी ‘ब्रेद’: शेवग्याचा पाला ब्रेद मुरुम, अळू ब्रेद सोंझ. कोथिंबिरीला कोतोमिली म्हणतात, हा शब्द तमिळ लोकांबरोबर आलेला. एका पिशवीत फ्रेंच, तमिळ आणि भोजपुरी शब्द भरून मी घरी येत असे. नवरा रस्त्यावरची दोल पुरी पहिल्यांदा खाऊन म्हणाला, ही गूळ न घातलेली पुरणपोळी आहे. अगदी बरोबर. शिजवून वाटलेली डाळ भरलेली ही पोळी जोडीनंच विकतात, आत रस्सा आणि चटणी घालून.

माझं माहेर गुहागरजवळ. फ्रियापेन नावाचं फळ मावशींनी चिरायला घेतलं आणि मी ओरडलेच, “हा तर नीरफणस!” त्या दिवशी आमच्याकडे काप झाले, माझ्या आईच्या पद्धतीने, तांदळाच्या पिठात घोळवून. मावशींना ते इतके आवडले की पुढे फ्रियापेन आणला की त्या आमचीच बेल वाजवायच्या.

या मावशी मराठी. त्यांचं आडनाव म्हणजे बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचं पहिलं नाव. तिथल्या कितीतरी मराठी घरांत असंच आहे, कागदावर जे नाव लिहिलं गेलं तेच पुढे आडनाव झालं. १८३४पासून करारावर उसाच्या शेतांत आलेल्या मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले आपले लोकही होते. मावशींची रोजची भाषा क्रेओल, पण आरत्या तोंडपाठ. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. पहिल्या वर्षी मंडपात झाकरी सुरू झाली आणि माझे पाय थबकले. गोल फेर, मध्ये ढोलकी, गाणारे आणि नाचणारे. ही आमच्या गावची जाखडी! पिढ्यान्‌पिढ्या कोकण न पाहिलेल्या मुलांनी ती टिकवली आहे, याचा मला विलक्षण अभिमान वाटला. गावी आमच्या वाडीत आता नाचायला पोरं मिळत नाहीत.

मॉरिशसमध्ये वादळांचे इशारे चार पायऱ्यांचे असतात. तिसरा लागला की घरात थांबायचं, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. घरं सपाट स्लॅबची का, तेही मावशींकडूनच कळलं. १९६०च्या कॅरोल वादळात लाकडी, पत्र्याची घरं उडाली, तेव्हापासून लोक काँक्रीटकडे वळले. १५ जानेवारी २०२४ला ‘बेलाल’ आलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहत होत्या आणि नवरा तिथेच अडकला होता. तो रात्री उशिरा घरी पोचला. तोवर मावशी माझ्याजवळ मेणबत्ती लावून बसून होत्या. आम्ही फारसं बोललो नाही.

एका गोष्टीची मला अजून हळहळ वाटते. क्रेओलमध्येही अरे-तुरेसाठी ‘तो’ आणि मान द्यायला ‘ऊ’ असतं. मी वर्षभर वयस्क भाजीवाल्याला ‘तो’ म्हणत होते आणि त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही. तुम्ही तिथे राहायला जाणार असाल तर इंग्रजीवर भागवू नका. पहिल्याच आठवड्यात शेजारणीकडून क्रेओल शिकायला लागा. आणि घर उत्तरेच्या गॅलरीचं घ्या.