पथ्याचे गोड आणि घरची भट्टी

नांदगाव खंडेश्वर परिसरातील रुग्णांकडून अलीकडे दोन प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतात. मधुमेही विचारतो, सणावाराला चालेल असे गोड कोणते? जुन्या अतिसाराने, पोटफुगीने कृश झालेला रुग्ण विचारतो, गहू सोडला तर बरे वाटेल काय? या दोघांनाही पुष्कळदा एकाच प्रकारचा पुडा विकला जातो : ‘ग्लुटेन फ्री’ बिस्किटांचा. हा लेख त्या पुड्यानिमित्त.

ग्लुटेन हे गहू, जव व राय या धान्यांतील प्रथिन आहे. सीलिअॅक व्याधीत ते लहान आतड्याच्या अंतस्त्वचेस अपाय करते. गव्हाशी या व्याधीचा असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. मधुमेहात विचार करावयाचा तो मुख्यतः कर्बोदकांचा. एखादा पदार्थ ग्लुटेनविरहित असूनही कर्बोदकांनी भरलेला असू शकतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, पण १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदके सुमारे ७० ग्रॅम आहेत. शिंगाडा आणि साबुदाणा यांचीही तीच कथा.

याचे उलट उदाहरण आपल्या संहितेतच आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहासाठी यवप्रधान आहार सांगितला. यवौदन, वाट्य व सत्तू यांच्याबरोबर अपूपाचाही उल्लेख केला. प्रमेह्याला पिठाचा खाऊ मुळीच नाही, असे आचार्यांनी म्हटलेले नाही. परंतु हाच यवाचा अपूप सीलिअॅकच्या रुग्णास देणे म्हणजे रोगाला आमंत्रण. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे अपथ्य, हे आपल्याला नवीन नाही. पुड्यावरील इंग्रजी शब्द वाचताना मात्र त्याचा विसर पडतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. ग्रहणीची लक्षणे दिसताच प्रत्येकाचा गहू बंद करण्याची घाई करू नये. सीलिअॅकसाठी रक्ताची टीटीजी प्रतिपिंड तपासणी रुग्ण गहू खात असतानाच करावी लागते. गहू सोडून काही महिने लोटले की तपासणी नकारात्मक येऊ शकते आणि निदान हातचे जाते. संशय असल्यास आधी तपासणी, मग पथ्य. निदान पक्के झाले तर मात्र ते पथ्य जन्मभराचे. त्यात ‘सणापुरते चालेल’ ही सवलत नाही.

आता घरच्या भट्टीकडे वळू. वऱ्हाडाला भाजण्याचे शास्त्र शिकवावे लागत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे आणि पानगे भाजणाऱ्या घरात ओव्हन नसला तरी जाड बुडाची कढई, तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी व वर घट्ट झाकण एवढ्यावर काम भागते. अडचण येते ती पीठ बांधण्याची. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवते. ते नसले की बिस्कीट भुगा होते. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की गृहिणी उकळते पाणी घालून भाकरी थापतात, तो याच अडचणीवरचा उपाय. बिस्किटासाठी तेच काम जवस करते : दळलेला जवस पाण्यात भिजवला की चांगला चिकट होतो.

आम्ही रुग्णांस सांगतो तो पाठ असा. भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचे कूट १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस ५० ग्रॅम, साजूक तूप ३० ग्रॅम, दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून, वेलची, चिमूटभर सुंठ व मीठ. कूट मिक्सरमध्ये थांबून थांबून करावे, अन्यथा तेल सुटते. सोळा चपट्या गोळ्या करून, आधी दहा मिनिटे तापवलेल्या कढईत मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे, कडा तांबूस होईपर्यंत भाजाव्यात. पूर्ण निवल्याखेरीज हात लावू नये. गरम असताना त्या मोडतात. आमच्या हिशेबाने एका नगात कर्बोदके सुमारे दोन ग्रॅम भरतात, आणि त्यांतही निम्म्याहून अधिक तंतू. १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ व ६० ग्रॅम गूळ घेऊन तेवढेच नग केले, तर प्रत्येकी सुमारे आठ ग्रॅम होतात.

गोडीचा प्रश्न उरतो. गूळ व खजूर ‘नैसर्गिक’ म्हणून मधुमेह्याला सुचवले जातात, ते योग्य नव्हे. आचार्यांनी गुडवैकृत प्रमेहाच्या हेतूंतच गणले आहे. मध भट्टीत घालू नये. सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायातील उष्ण मधाचा निषेध आपणा सर्वांना ज्ञात आहे, आणि साखर तर तोही वाढवतोच. अॅस्पार्टेमच्या गोळ्या उष्णतेने गोडी गमावतात, तेव्हा भाजण्याच्या पदार्थात त्या व्यर्थ. स्टीव्हियाचा गोड अर्क आच सहन करतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. मात्र पुडीत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घातलेले असते काय, हे औषधालयाच्या मालकांनी घटकांची यादी वाचून पाहावे. ‘शुगर फ्री’ म्हणण्यास १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅमहून अधिक शर्करा नसावी असा नियम आहे, परंतु तो पिष्टाविषयी काही बोलत नाही.

‘ग्लुटेन फ्री’साठी मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची. ही मर्यादा गावच्या चक्कीवर पाळली जाणे कठीण. गव्हाच्या दळणामागोमाग ज्वारी टाकली की पहिले शेर-दोन शेर पीठ मिश्रच निघते. सीलिअॅकच्या रुग्णाने धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावे. आमचा वरील पाठ चक्कीवाचून होतो, हा त्याचा खरा लाभ. घरातील कणकेचे पाट-लाटणे व परातही त्याच्यासाठी वेगळी हवी. बाजारच्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. अशा रुग्णास हिंग्वाष्टक चूर्ण देण्यापूर्वी त्यातील हिंग कोणता, हे निर्मात्यास विचारावे. गोळ्या बांधण्यास वापरलेल्या पिष्टाबद्दलही तसेच.

हा खाऊ कोणाला किती द्यावा? अल्पकर्बोदकी असला तरी तो स्निग्ध व गुरु आहे; एका नगातून सुमारे ७५ कॅलरी मिळतात. कृश प्रमेह्यास दोन नग चालतील. स्थूल, मेदस्वी रुग्णास, विशेषतः अग्नी मंद असताना, आम्ही तो सणापुरता आणि एकच सांगतो; त्याचे रोजचे पथ्य रूक्ष व लघु असावे. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यास अर्थातच नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही आधुनिक गोळ्या चालू असलेल्यांनी जेवणातील कर्बोदके अचानक कमी करू नयेत. औषधाची मात्रा लिहून देणाऱ्या डॉक्टरांस आधी कळवावे. रुग्णाची साखर उतरून घाम, थरथर सुटली तर हे बिस्कीट किंवा स्टीव्हिया काहीही उपयोगाचे नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्या क्षणी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. हे पुडा विकतानाच औषधालयाच्या काउंटरवर सांगितले जावे.