ब्रह्मदेशाचा ‘अथोक’ आणि आपला घोळाणा

ब्रह्मदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर श्वेडगोन पॅगोडा येतो, विपश्यनेची परंपरा येते. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, हेही आपल्याला माहीत असतं. पण तिथली सामान्य माणसं रोज काय जेवतात, याची चर्चा आपल्याकडे सहसा होत नाही.

तिथल्या जेवणात ‘अथोक’ नावाचा प्रकार घरोघरी असतो. या शब्दाचा अर्थच मुळी हाताने कालवलेलं. आंबवलेल्या चहाच्या पानांचा ‘लाफे थोक’ जगभर प्रसिद्ध आहे. पण कच्च्या पाल्याचा अथोक त्याहून साधा आणि स्वस्त. त्यासाठी तिथे एक गोल पानांची वनस्पती वापरतात. पानाचा आकार घोड्याच्या खुरासारखा, म्हणून बर्मी भाषेत तिचं नावही तेच. आपल्याकडे तिला मंडूकपर्णी किंवा कारिवणा म्हणतात. पुष्कळजण ब्राह्मी म्हणूनच ओळखतात.

ती मिळाली नाही तर कोवळी मेथी, करडई किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला चालतो. चार जणांसाठी निवडलेली पानं साधारण २०० ग्रॅम घ्यावीत. एक कांदा पातळ चिरून दहा मिनिटं पाण्यात ठेवावा, म्हणजे उग्रपणा जातो. तीन चमचे तेलात लसणाच्या आठ-दहा पाकळ्यांचे काप मंद आचेवर तांबूस तळून काढावेत आणि गॅस बंद करून त्या तेलात चिमूटभर हळद टाकावी. मग पानं, निथळलेला कांदा, एक टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, तीन चमचे दाण्याचा कूट, एक चमचा भाजलेले तीळ, दोन चमचे फुटाण्याचं पीठ, तळलेला लसूण आणि गार झालेलं तेल एकत्र करावं. शेवटी एका लिंबाचा रस आणि मीठ घालून हाताने हलकं कालवावं. मीठ आधी घातलं तर पानांना पाणी सुटतं.

चण्याचं भाजलेलं पीठ ही या पदार्थाची खरी खूण. ते रस शोषून घेतं आणि सगळं एकजीव करतं. कच्चं बेसन मात्र वापरू नये. ब्रह्मदेशात यात सुक्या कोळंबीची भुकटीही पडते. आपल्याकडे भाजलेला जवळा तेच काम करतो. त्याच्या वासावरून आपल्या माणसांनी टोमणे खाल्लेत, भाड्याची घरं गमावलीत. एका बौद्ध देशात तोच वास जेवणाची चव मानला जातो, हे लक्षात ठेवावं.

पालेभाजीत लोह असतं, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं, तर जेवणाला लागून घेतलेला चहा अडथळा आणतो. वस्त्यांमध्ये काम करताना रक्त कमी असलेल्या मुली आम्हाला सतत भेटतात. लोहाच्या गोळीला हा पर्याय नव्हे, पण ताटातला हा बदल परवडणारा आहे.

कच्च्या पाल्याबाबत काळजी हवीच. नाल्याकाठचा किंवा सांडपाण्यावर वाढलेला पाला घेऊ नये. मंडूकपर्णी ओलसर जागी उगवते, तेव्हा ती कुठून आली ते विचारावं. पानं तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यात धुवावीत, शेवटचं पाणी पिण्याचं असावं. गरोदर बायकांनी आणि आजारी माणसांनी कच्चा पाला टाळावा. त्यांच्यासाठी मेथी वाफवून घ्यावी. मंडूकपर्णी त्यांनी खाऊच नये.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना एव्हाना घोळाणा आठवला असेल. मेथी, कांदा, दाणे, तेल, मीठ घोळलं की झाला घोळाणा. तो अथोकचा भाऊच शोभतो. दोन्हींची नावं हाताच्या कृतीवरून पडलेली. ज्या समाजाच्या हाताचं पाणीसुद्धा इतरांनी नाकारलं, त्या समाजाने हाताने कालवलेलं अन्न एकाच परातीतून वाटून खाणं ही साधी गोष्ट नाही.

विहारातल्या पुढच्या सहभोजनात पुरीभाजीच्या शेजारी एक परात अथोकची ठेवून पाहा. कालवायला मुलं आणि मुली दोघंही बसू द्या.