पाव मैलाची शर्यत आणि इंधनाचा पंप

अमेरिकेंत मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे कीं, तींत वळण नाहीं, फेरी नाहीं, आणि जिंकणें-हरणें दहा-पंधरा सेकंदांत आटोपतें. दोन गाड्या शेजारीं उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जी आधीं ओलांडील ती विजयी. हीच ड्रॅग रेस. १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील सँटा ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणें होऊं लागल्या, व १९५१ मध्यें वॉली पार्क्स ह्यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापून त्यांस नियमांची चौकट घालून दिली.

अशा गाडीचें इंजिन पाहावयास सारेच गर्दी करतात. टाकीजवळ दडलेल्या इंधन-पंपाकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. पण तो तोकडा पडला, तर हवा भरपूर आणि इंधन कमी असें विरळ मिश्रण इंजिनांत जातें, उष्णता बेसुमार वाढते, आणि महिनोन्‌महिने खपून जुळविलेल्या इंजिनाच्या दट्ट्याला क्षणार्धांत भोंक पडूं शकतें.

पंप किती मोठा हवा, ह्याचा हिशेब अवघड नाहीं. सुपरचार्जर नसलेलें पेट्रोलचें इंजिन पूर्ण जोरांत चालतांना दर अश्वशक्तीस तासाला सुमारें अर्धा पौंड पेट्रोल जाळतें. ८०० अश्वशक्तीचें इंजिन धरलें, तर तासाला ४०० पौंड, म्हणजे जवळजवळ २४५ लिटर झालें. शर्यत मात्र नऊ-दहा सेकंदांची. तेवढ्या धावेंत पाऊण लिटरहि पेट्रोल खर्च होत नाहीं. तांब्याभर इंधनासाठीं एवढा पंप कशाला, असें श्रोत्यांस वाटेल; पण तें तांब्याभर इंधन त्याच दहा सेकंदांत मिळालें पाहिजे, अकराव्या सेकंदास मिळून उपयोग नाहीं. सुपरचार्जर बसविला कीं अर्ध्या पौंडाचा आकडा ०.६ ते ०.६५ वर जातो. मिथेनॉल वापरल्यास इंधन दुपटीहून अधिक लागतें. शिवाय तें कांहीं जातींचें रबर व ॲल्युमिनियम खातें, म्हणून पंप त्यास टिकणारा आहे ना, हेंहि पाहावें लागतें. आलेल्या आकड्यांत पांचवा हिस्सा तरी वाढवून घेणें शहाणपणाचें.

येथवर सारें सरळ आहे. फसगत होते ती पंपाच्या खोक्यावरील आकड्यानें. तो आकडा बहुधा मोकळ्या तोंडानें वाहणाऱ्या पंपाचा असतो, आणि पुढें दाब वाढला कीं प्रवाह घटतो. कार्ब्युरेटरला दर चौरस इंची सहा ते आठ पौंड दाब पुरतो. विद्युत्-नियंत्रित इंजेक्शनला सामान्यतः ४३ पौंड लागतो. सुपरचार्जर २० पौंडांनीं हवा कोंबीत असेल, तर इंधनाचा दाबहि तितकाच चढवून ६३ करावा लागतो. तेव्हां ‘पंप किती देतो?’ हा प्रश्न अपुरा. ‘कोणत्या दाबावर किती देतो?’ असेंच विचारावयास हवें.

त्यांतहि ड्रॅग गाडीची एक अडचण तिची स्वतःचीच आहे. पुष्कळ गाड्यांत टाकी व पंप मागें आणि इंजिन पुढें असतें. मध्यें दहा-बारा फुटांची नळी. बस एकदम सुटली कीं उभा उतारू मागें कलंडतो. नळींतील पेट्रोलची तीच गत होते. गाडी गुरुत्वाकर्षणाएवढ्या प्रवेगानें सुटली, तर ती आडवी नळी जणूं बारा फूट उंच उभी राहते, आणि आंतील पेट्रोल नुसतें तोलून धरण्यासच दर चौरस इंची जवळजवळ चार पौंड दाब खर्ची पडतो. प्रवेग दुप्पट झाला कीं आठ पौंड. कार्ब्युरेटरला हवा असलेला दाब तरी तेवढाच! मागच्या मागेंच सात पौंडांवर बांधून टाकलेला पंप अशा वेळीं पुढें कांहींच पोंचवूं शकत नाहीं. कार्ब्युरेटरच्या वाटींतला सांठा संपला कीं इंजिन ठसकतें. म्हणून जाणते लोक मागें चांगला जोरकस पंप बसवितात आणि दाब उतरविणारा नियंत्रक इंजिनाशेजारीं ठेवतात. टाकीचें तोंडहि मागच्या बाजूस, तळाशीं असावें, कारण सुटतांना पेट्रोल तिकडेच धांवतें. पंपाला ढकलणें साधतें, ओढणें फारसें साधत नाहीं. लांबून ओढावयास लावला तर नळींत वाफेचे बुडबुडे होतात. यास्तव तो टाकीला लागून व तिच्याहून खालीं असावा.

पंप विजेवर चालणारा असल्यास तारांची जाडी पाहावी. वजन वांचविण्यासाठीं कित्येक गाड्यांत डायनामो नसतो, मग १३.५ व्होल्टांवर मोजलेल्या पंपाला १२ देखील मिळत नाहींत. इंजिनानेंच फिरविलेल्या पंपास ही चिंता नाहीं. इंजिनाचे फेरे वाढतील तसा त्याचा प्रवाह वाढतो, आणि जास्तीचें इंधन टाकींत परत जातें. कॅलिफोर्नियांतील स्टुअर्ट हिलबर्न ह्यांची इंधन-फवारणी ह्याच तत्त्वावरची; १९४८ सालीं त्यांच्या गाडीनें कोरड्या तलावाच्या सपाटीवर ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली.

अवाच्या सवा मोठा पंपहि बरा नव्हे. तो तेंच इंधन फिरवून फिरवून तापवितो, आणि परतीची नळी अरुंद असली तर नियंत्रकालाहि न जुमानतां दाब चढतो.

अखेरची परीक्षा मैदानावर, इंजिन बंद ठेवून, मोकळ्या हवेंत व विस्तवापासून दूर करावयाची. इंजिनाकडील टोंक सोडून नळी मापाच्या डब्यांत धरावी, दाब व व्होल्ट शर्यतींतल्याइतके ठेवावे, आणि एक मिनिट पंप चालवावा. वरच्या उदाहरणांतल्या इंजिनास मिनिटाला चार लिटरांहून थोडें अधिक लागतें, आणि पांचवा हिस्सा धरून डब्यांत पांच लिटर पडावयास हवें. कमी पडल्यास नवा पंप घेण्यापूर्वीं गाळणी, नळीचीं कोपरें आणि तारांचे सांधे तपासावे. दोष पुष्कळदां तेथेंच सांपडतो.