बोअरचं पाणी आणि पिवळ्या मण्यांची टाकी

धारा काढायच्या यंत्राचा पारदर्शक पाइप काही महिन्यांतच धुरकट दिसू लागला, सडांचे कप जोडणाऱ्या क्लॉला आतून बोट लावलं की खरखरीत लागलं, तर समजावं की बोअरच्या पाण्याने मुक्काम ठोकला आहे. हा थर एकट्या पाण्याचा नसतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, दुधातलं फॉस्फेट, प्रथिनं, स्निग्धांश असं सगळं मिळून तो बसतो. डेअरीच्या भाषेत हा मिल्कस्टोन. त्याच्या खाचांत जिवाणूंना आसरा मिळतो आणि धुण्याचं द्रावण तिथवर पोचत नाही. पुढच्या धारेचं दूध त्याच थरावरून वाहत जातं, आणि तपासणीत मिथिलीन ब्लूचा निळा रंग वेळेआधीच उडतो, म्हणजे दुधात जिवाणू जास्त. शेतकरी गाईच्या कासेत दोष शोधत राहतो.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टवर, आपल्या काळ्या पाषाणावर वसला आहे. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकाच्या भेगांतून जाताना त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत नेतं. पाणी जितका काळ खडकाच्या सहवासात राहील, तितकं सहसा जड होतं. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. अहिल्यानगर, सोलापूर, सांगलीच्या कोरड्या पट्ट्यात बोअरच्या अहवालावर पाचशेचा आकडा दिसला तर कुणाला नवल वाटत नाही.

मग गाईंना हे पाणी पाजायचं की नाही? खुशाल पाजावं. नुसत्या कठीणपणाने दूध घटतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. गाईच्या दृष्टीने पाहायचे आकडे वेगळे आहेत: एकूण विरघळलेले क्षार, सल्फेट, नायट्रेट. एकूण क्षार लिटरला हजार मिलिग्रॅमच्या आत असले तर चिंता नाही. तीन हजारांच्या पुढे गेले की सुरुवातीला जनावर तोंड फिरवतं, हगवण लागते. सात हजारांपुढचं पाणी गाभण आणि दुभत्या जनावरांना देऊ नये. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात दुखणं हे आहे. तिथे सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवणं म्हणजे पैसा वाया घालवणं, कारण सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, फक्त बदलतो. तिथे आरओ हवा, नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी. कोकणातल्या जांभ्याच्या भागात लोहाचा त्रास असतो. उपसताना नितळ दिसणारं पाणी हवा लागताच तांबूस होतं. ते आधी हवेत खेळवून वाळूच्या गाळणीतून काढावं लागतं. तसंच सॉफ्टनरमध्ये सोडलं तर यंत्रच निकामी होऊ लागतं.

सॉफ्टनर दिसायला अगदी साधा: फायबरची उभी टाकी, आत बारीक पिवळसर मणी, शेजारी मिठाच्या पाण्याचं पिंप. त्याची कूळकथा मात्र शेतातलीच आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्प्सन यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचं द्रावण गाळून पाहिलं, तर अमोनिया मातीने धरून ठेवला आणि खालून बाहेर आलं जिप्सम! हे निष्कर्ष 1850 साली छापून आले, आणि जे. थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर पद्धतशीर प्रयोग केले. माती एक घटक पकडते आणि त्याच्या बदल्यात दुसरा सोडते, हे तिथे कळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट वापरून याच तत्त्वावर पाणी मऊ केलं. 1935 मध्ये अॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिन बनवलं. आज टाकीतले रेझिनचे मणी हेच काम करतात. आपल्याजवळचं सोडियम देऊन कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतात, आणि भरून गेले की मिठाच्या तीव्र द्रावणाने धुऊन पुन्हा तयार होतात.

हिशेब कागदावर मांडावा. कठीणपणा पाचशे, धुण्याचं पाणी रोज हजार लिटर, म्हणजे रोज अर्धा किलो कठीणपणा काढायचा. लिटरभर रेझिन साधारण 50 ग्रॅम धरतं. पन्नास लिटर रेझिनचं यंत्र पाच दिवस चालेल आणि दर वेळी सात-आठ किलो मीठ खाईल. आता दहा दुभत्या गाई धरा. वीस लिटर दूध देणारी गाय दिवसाला ऐंशी लिटर तरी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हौदाचं पाणीही याच यंत्रातून फिरवलं तर मिठाचा खर्च जवळपास दुप्पट होतो, आणि पाण्याच्या दर लिटरमागे 230 मिलिग्रॅम सोडियम गाईच्या पोटात जातं ते वेगळंच. म्हणून माझं ठाम मत आहे की गोठ्यात दोन पाइपलाइन हव्यात: हौदाला बोअरचं पाणी थेट, निर्जंतुक करून; धारेचं यंत्र, बल्क कूलर आणि गिझरला मऊ पाणी. विक्रेते सगळ्या गोठ्याचं पाणी मोजून मोठा सॉफ्टनर सुचवतात. ते ऐकू नये.

मऊ पाणी आलं म्हणून धुण्याची शिस्त सुटत नाही. धार संपताच कोमट पाणी, मग गरम अल्कली द्रावण, शेवटी आम्लाची धुलाई. जड पाण्यात अल्कली स्वतःच कॅल्शियम खाली बसवते, आणि पाणी तापवलं की आणखी. त्यामुळे जितकं मनापासून धुवावं तितका थर वाढतो, ही या पाण्याची क्रूर गंमत. आम्लाचं काम ठिबकवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, कारण बंद पडलेले ड्रिपर त्याने आम्ल सोडूनच मोकळे केलेले असतात. फक्त आम्ल आणि क्लोरीनचं द्रावण कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू जिवावर बेततो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मणी धुतल्यावर बाहेर पडणारं खारं पाणी. ते बहुधा पाटातून शेतात जातं. जे मण्यांत घडतं तेच काळ्या जमिनीतही घडतं: उरलेलं सोडियम चिकणमातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटवून जागा घेतं, कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरेनासं होतं. चोपण झालेली जमीन सुधारायला मग पोत्यांनी जिप्सम घालावं लागतं, म्हणजे हटवलेलं कॅल्शियम विकत आणून परत द्यायचं. दर पाच दिवसांनी येणारं हे पाणी शेणखतात नको, घासाच्या वाफ्यात नको. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात ते सुकवावं.

आणि गोठ्यावरचे पत्रे विसरू नयेत. शंभर चौरस मीटर छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-बाष्पीभवन वजा जाता चाळीस हजार लिटर पाणी हाती येतं. हे पाणी मुळातच मऊ असतं. लहान गोठ्यात धारेचं यंत्र आणि कॅन धुवायला रोज तीनशे लिटर लागत असेल, तर झाकलेल्या टाकीतलं, गाळून निर्जंतुक केलेलं हे पाणी चार महिन्यांहून जास्त पुरतं, आणि तेवढे दिवस मिठाचं पोतं फोडावं लागत नाही.