जुनी वास्तू, नवा उपयोग : वारशावरील परिणाम कसा जोखतात?

नवी दिल्लीतील रायसिना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या सचिवालयाच्या इमारतींचे रूपांतर 'युगे युगीन भारत' या राष्ट्रीय संग्रहालयात करण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठी फ्रान्सशी सहकार्याचा करारही करण्यात आला. हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदाने या इमारती राज्यकारभारासाठी रचल्या होत्या. तेथे संग्रहालय उभारताना मूळ वास्तूतील काय बदलेल आणि त्यापैकी किती गमावणे आपल्याला परवडेल, याचा बांधकामापूर्वीच शोध घेण्याच्या पद्धतीला वारसा परिणाम मूल्यमापन म्हणतात.

या पद्धतीचे मार्गदर्शक सूत्र 'इकोमॉस' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केले. युनेस्को आणि सहयोगी संस्थांनी २०२२ मध्ये त्याची सुधारित मांडणी केली. दोन्ही दस्तऐवज जागतिक वारसास्थळांसाठी असले, तरी त्यांतील विचार कोणत्याही जुन्या वास्तूला लागू पडतो. प्रथम वास्तूचे महत्त्व नेमके कशात आहे, हे लेखी नोंदवायचे. नंतर प्रस्तावित बदल त्या महत्त्वाला कोठे आणि किती स्पर्श करतो, हे तपासायचे. अखेरीस हानी टाळणारे किंवा कमी करणारे पर्याय पडताळायचे. यांतील पहिली पायरी सर्वांत अवघड असते आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते.

मुंबईतील सर कावसजी जहांगीर हॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले हे सभागृह १९११ मध्ये बांधून झाले. मैफली, व्याख्याने आणि राजकीय सभा यांनी ते अनेक वर्षे गजबजलेले असे. पुढे वातानुकूलित नाट्यगृहे आली आणि सभागृहाचे दिवस पालटले. तेथे मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि मालाची विक्री होऊ लागली. शिल्पकार पिलू पोचखानवाला, केकू गांधी आणि अन्य कलाप्रेमींनी वास्तू वाचविण्यासाठी प्रयत्न केले. १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली.

त्यासाठी आतील एकसंध सभागृहाच्या जागी एकमेकांना जिन्याने जोडलेली, निरनिराळ्या पातळ्यांवरची दालने रचण्यात आली. बाहेरचा दगडी दर्शनी भाग मात्र तसाच राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काही बदलले आहे, याची शंकाही येत नाही. परंतु या वास्तूचे महत्त्व तिच्या दगडांत होते की हजारो माणसे एका छताखाली एकच स्वर ऐकत, त्या अखंड अवकाशात? पहिले उत्तर मान्य केले तर परिणाम सौम्य ठरतो. दुसरे मानले तर तो अत्यंत गंभीर. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे इमारत वाचली आणि सभागृह गेले. अर्थात काहीच न करण्याच्या पर्यायाचेही मूल्यमापन करावे लागते. ओस पडू लागलेल्या वास्तूच्या बाबतीत तो पर्याय निरुपद्रवी नसतो.

याच संस्थेच्या अन्य दोन शाखांचा अनुभव वेगळा आहे. दिल्लीतील जयपूर हाउस हा १९३६ मधील संस्थानिकांचा प्रासाद. तेथे १९५४ मध्ये संग्रहालय आले. निवासी वास्तूतील खोल्या चित्रांना मानवल्या. जागा अपुरी पडू लागली तेव्हा २००९ मध्ये शेजारी नवी इमारत उघडण्यात आली. बंगळूरच्या माणिक्यवेलू हवेलीतील शाखाही त्याच वर्षी सुरू झाली आणि तेथेही अधिकच्या दालनांसाठी आवारात नवे बांधकाम करण्यात आले. जुन्या घरावर गरजेपेक्षा अधिक ओझे टाकावयाचे नाही, हा साधा मार्ग. मात्र आवार मोठे असेल तरच तो उपलब्ध होतो.

मुंबईच्या वारसा नियमावलीने १९९५ मध्ये वास्तूंच्या श्रेणी लावल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत, तिच्या मजबुतीसाठी आवश्यक नसेल तर, आत किंवा बाहेर हस्तक्षेप करता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदलांना क्रमाने अधिक वाव आहे. श्रेणी हा ढोबळ निकष झाला. कोणती भिंत, कोणता जिना, कोणता अवकाश मौल्यवान आहे, ते श्रेणी सांगत नाही.

संग्रहालयाच्या गरजा तर विशेष कठोर असतात. तापमान व आर्द्रता स्थिर ठेवण्यासाठी हवेच्या नळ्या छतातून न्याव्या लागतात. चित्रांना उजेड सोसत नाही म्हणून खिडक्या झाकाव्या लागतात. उद्वाहक आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग हवे असतात, जड शिल्पांसाठी जमीन भक्कम करावी लागते. यांतील प्रत्येक बदल किरकोळ वाटतो, परंतु सर्वांचा मिळून परिणाम मोठा होतो. म्हणूनच बदलांचा एकत्रित हिशेब मांडावा आणि शक्यतो ते पुढे काढून घेता येतील असेच असावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

रायसिना टेकडीच्या योजनेसाठी पॅरिसच्या लूव्रचा दाखला दिला जातो. तेथील रिशेल्यू कक्षात १९८९ पर्यंत फ्रान्सचे अर्थ मंत्रालय होते. १९९३ मध्ये तो कक्ष संग्रहालयात सामील झाला. त्याच्या चौकांवर काचेचे छत आले. मंत्रालयाच्या ताब्यातील तिसऱ्या नेपोलियनच्या काळची सजविलेली दालने मात्र जशीच्या तशी राखून प्रेक्षकांना खुली करण्यात आली.

दिल्लीतही प्रश्न अर्थ मंत्रालयाच्याच घराचा आहे. नॉर्थ ब्लॉकच्या तळघरातील छापखान्यात १९८० नंतर अनेक वर्षे केंद्रीय अर्थसंकल्प छापला जाई आणि छपाईच्या आरंभी हलव्याची कढई चढे. बेकर यांच्या मूळ नकाशात या छापखान्याला स्थान नाही आणि त्याला वास्तुकलेचे सौंदर्यही नाही. वास्तूच्या महत्त्वाची नोंद करणाऱ्यांनी तो टिपला, तर त्याचे काय करायचे यावर चर्चा होईल. न टिपल्यास ती एक रिकामी, दालनासाठी सोयीची खोली ठरेल.