अबोध मनातून आलेले चित्र आपोआप उमटत नाही

अमूर्त चित्रांबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज विरोधकांइतकाच चाहत्यांनीही पोसला आहे. डोळे मिटायचे, हात सैल सोडायचा, अंतर्मन आपसूक कॅनव्हासवर उतरते, असे चाहते भारावून सांगतात. ऐकणारा म्हणतो, मग त्यात काय मोठेसे, आमचे शेंडेफळही भिंतीवर हेच करते. दोघांचे गृहीतक एकच आहे: चित्र अबोध मनातून आले म्हणजे त्याला विचार, सराव आणि खाडाखोड लागत नाही. पुरावे नेमके याच्या उलट आहेत.

या समजुतीला बळ मिळाले पॅरिसमध्ये. 1924 साली कवी आंद्रे ब्रेताँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला आणि बुद्धीचा लगाम सोडून मनातले जसेच्या तसे उमटवण्याचा पुरस्कार केला. त्याच वर्तुळातल्या जोआन मिरोचे 1925 मधले ‘जगाचा जन्म’ हे चित्र या मताचे आदर्श उदाहरण वाटावे असे आहे. अडीच मीटर उंचीच्या कॅनव्हासला त्याने अस्तर कमीजास्त लावले आणि वरून रंग ओतला, शिंपडला. अस्तर विरळ होते तिथे रंग मुरला, दाट होते तिथे वरच राहिला. ही धुरकट पार्श्वभूमी बरीचशी योगायोगाची, हे मान्य. पण तिच्यावरचे आकार, म्हणजे काळा त्रिकोण आणि पिवळी शेपटी असलेले लाल वर्तुळ, आयत्या वेळी सुचलेले नाहीत. ते मिरोने आधी कच्च्या रेखाटनांत आखून ठेवले होते. शिवाय अस्तर कमीजास्त लावणे हाही निर्णयच; योगायोगाला कुठे वाव द्यायचा हे त्याने आधी ठरवले होते.

मिरो हिशेबी होता, सगळेच तसे नसतील, असा आक्षेप येईल. तर आपल्याकडचे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याकडे पाहू. नागपुरात जन्मलेले, 1948 मध्ये जे. जे. स्कूलची पदविका घेतलेले गायतोंडे झेन विचाराकडे ओढले गेले होते आणि त्यांची चित्रे ध्यानातून जन्मलेली मानली जातात. पण कॅनव्हासवर काय दिसते? रोलरने आणि पॅलेट नाइफने लावलेले रंगाचे पातळ थर, काही ठिकाणी खरवडून खालचा थर वर आणलेला. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. सारे आपोआप होत असते, तर इतका वेळ कशाला लागला असता? ख्यालातली तान ऐन वेळी सुचते, पण म्हणून रियाज फुकट गेला असे आपण म्हणत नाही. मग चित्रकारालाच वेगळा न्याय का?

राहिला शेंडेफळाचा मुद्दा. बोस्टन कॉलेजच्या संशोधकांनी 2011 मध्ये नामवंतांची अमूर्त चित्रे आणि लहान मुलांनी व प्राण्यांनी रंगवलेली चित्रे जोडीजोडीने विद्यार्थ्यांना दाखवली. काही जोड्यांखाली मुद्दाम चुकीची नावे लावली होती. तरीही चित्रकाराचे चित्र नाणेफेकीने आले असते त्यापेक्षा जास्त वेळा निवडले गेले. यावर संशयी वाचक म्हणेल की बरेच जण चुकलेही. चुकले, नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक अमूर्त चित्र थोर असते असा दावा कोणी करूही नये; टाकाऊ अमूर्त चित्रे ढिगाने आहेत. पण फरक मुळातच नसता, तर चुकीच्या नावांपुढे तो टिकला नसता.

अबोध मनाची भाषा म्हणून सांगितला जाणारा ‘लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य’ हा कोशही सोडलेला बरा. रंगाचा अर्थ त्याच्या शेजारचा रंग बदलला तरी बदलतो. अबोध मन चित्रकाराला सुचवते. काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे त्याची जागी नजर ठरवते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. ती मांडलेली असतील तेव्हा ‘हे काय आहे’ असे विचारण्याआधी थरांच्या कडा जवळून पाहा.